नगाऱ्याचा मधला वेग

कृष्णकांत मढवीला घडवताना देवाने दोनच खटके बसवले, चालू आणि बंद. मधल्या वेगाचा खटका बसवायचा राहून गेला, किंवा त्या दिवशी देवाच्या कारखान्यात माल संपला असेल. एकदा त्याच्या मनाने घेतलं की पोहायला शिकायचं, तर गडी उठल्यापासून अंधार पडेपर्यंत गाढी नदीत. मग कानात पाणी जाऊन कान सुजला, तसा नदीकडे जो पाठ करून बसला तो पुलावरून स्कूटर नेतानाही खाली बघेना. मधमाश्या पाळल्या, त्या उडाल्या. बुलबुलतरंग आणला, त्यावर आता त्याची बायको सुनिता पापड वाळत घालते. सुनिता गावच्या अंगणवाडीची बाई. ती म्हणायची, "खाईन तर तुपाशी, नायतर उपाशी, ही म्हण ह्यांच्या बारशाला जमलेल्या बायांनीच काढलेली हाय."

एका खुळाने मात्र त्याला सोडलं नाही, ते कॉम्प्युटरचं. नेऱ्याच्या अलीकडच्या आपल्या गावातून तो रोज पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत यायचा आणि तिथल्या एका गाळ्यात क्लास चालवायचा. १९९८ साल ते. बायाबापड्यांना आणि कॉलेजातल्या मुलींना टायपिंग शिकवावं, लग्नपत्रिका छापून द्याव्यात, आणि उरल्या वेळात एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची लिनक्स नावाची सिस्टिम उघडून तिची आतडी बघत बसावं, असा त्याचा संसार. ही सिस्टिम कुणीही उघडावी, कुणीही बदलावी अशी होती. कृष्णकांतला असं काही हाती लागणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण या कोलिताने आग लागली नाही. आग लागली ती मायेपोटी केलेल्या एका उपकाराने.

त्याचे वडील काशिराम गावदेवीच्या देवळात दर मंगळवारी आरतीला नगारा वाजवायचे. भाताची शेती आणि गावदेवीचा नगारा, म्हाताऱ्याच्या आयुष्याला एवढे दोनच खांब. त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाला, याला विश्रांती द्या. झालं, मुलाची माया चालू झाली. कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही, पनवेलच्या बाजारातून त्याने आरतीचं मशीन उचललं आणि टेम्पोत घालून थेट देवळात आणलं. लोखंडी चौकटीत एक नगारा, वर घंटा, बाजूला दोन झांजा आणि खाली एक मोटार. बटण दाबलं की सगळं एकदम धडाडधूम वाजू लागे. गाव खूश झालं. काशिरामबा टिपऱ्या हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी मशीन बघितलं, टिपऱ्या उपरण्यात गुंडाळल्या आणि ते घरी निघून गेले.

त्या दिवसापासून म्हातारा मुलाशी बोलेना. मंगळवारी देवळाकडेही फिरकेना. बापलेक एका पंगतीला बसायचे, ताट शेजारी शेजारी, पण बोलणं सगळं सुनिताच्या मार्फत. "सुनिता, त्याला सांग, मीठ सरकव म्हणावं." मीठ कृष्णकांतच्या कोपराशी असायचं. सुनिता आतून म्हणायची, "अहो, मीठ सरकवा." तो सरकवायचा. हा टपालखात्याचा कारभार श्रावण सरला तरी चालूच होता. सुनिता हसून घ्यायची, पण कृष्णकांतला ते फार लागायचं. बापाला आराम मिळावा म्हणून केलं आणि बापाला वाटलं, आपल्याला घरी बसवलं. आणि खरं सांगायचं तर त्यात बापाचं फारसं चुकत नव्हतं.

इकडे देवळात मशीनचेही गुण दिसू लागले. त्या गावची आरती सुरू व्हायची अगदी सावकाश, कारण म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढून यायला वेळ लागतो. मग ती अंगात भिनत जायची आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळे जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागले की टाळ्यांची नुसती झड लागायची. मशीनला वेग एकच. सुरुवातीला तो एवढा जलद वाटे की गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जनीआत्या, पहिल्याच कडव्याला धापा टाकत खांब धरून बसे. शेवटी तोच वेग एवढा रटाळ वाटे की गिरक्या घेणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकत. देवळाच्या कमिटीचे तुळशीराम एक दिवस कृष्णकांतला म्हणाले, "किस्ना, नवरात्राच्या आत याचं काय ते कर. नायतर मशीन ठेवतो भांडारात आणि नगाऱ्यावर दुसऱ्या कुनाला तरी बसवतो. तुझ्या बाचा हात काय आता चालत नाय."

कृष्णकांतने मनात हिशेब मांडला. दुसरा कुणी तिथे बसला की ती जागा त्याची झाली. गावात एकदा बसलेला माणूस उठत नाही. म्हणजे बापाला आधी मशीनने उठवलं आणि आता माणूस उठवणार, आणि या दोन्हीला कारण आपण. तो अबोला मग त्या घरातून कधीच जाणार नव्हता.

खटका चालू झाला. तो तडक पनवेलच्या बंदर रोडला अलीभाईंच्या दुकानात गेला. अलीभाई जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून द्यायचे. कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले, दाढी पांढरी, जीभ गोड. त्यांनी मशीनची मोटार बघून नाक मुरडलं. "हिचा वेग बदलायचा विचार सोड. मी दुसरी देतो, बॅटरीवर चालणारी. पण मियाँ, एक सांगतो, वेग कमी करायला करंट पातळ केलास तर मोटार कमजोर पडेल. नगाऱ्याची काठी उचलायची ताकदच राहणार नाही तिच्यात."

"पातळ करायचाच नाही," कृष्णकांत म्हणाला. हे त्याने पुस्तकात वाचलं होतं आणि वाचल्यापासून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "करंट द्यायचा तो पूर्ण. पण देऊन लगेच बंद करायचा. परत द्यायचा, परत बंद. इतक्या भराभर की मोटारीला कळूच नये. चालू जास्त वेळ आणि बंद कमी वेळ ठेवलं की मोटार जोरात. चालू कमी, बंद जास्त, की हळू. अलीभाई, मधलं असं काही नसतंच. फक्त चालू आणि बंद. किती वेळ चालू, यावर सगळा खेळ."

अलीभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तरीच तुला समजलं ते," ते म्हणाले आणि मोटार शोधायला आत गेले.

मोटार बसली. करंट तोडायला-जोडायला अलीभाईंनी एक डबीही बनवून दिली. क्लासमधला जुना कॉम्प्युटर देवळाच्या भांडाराच्या खोलीत गेला, कारण सभामंडपात कापराचा धूर आणि नारळाचं पाणी. प्रिंटरची वायर जिथे लावतात तिथून डबीला तार गेली. आता कॉम्प्युटरने फक्त चालू-बंद, चालू-बंद म्हणायचं होतं. त्याने एक साधा प्रोग्रॅम लिहिला. पण कॉम्प्युटर मध्येच दुसऱ्या कामाला लागला की नगारा ठेच लागल्यासारखा अडखळे. म्हणजे हे काम सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊनच करायला हवं होतं. सुनिताने विचारलं तेव्हा त्याने तिला समजावलं, "हे बघ, बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे सभामंडपातली माणसं. गर्दी झाली की त्यांना थांबावं लागतं. गाभाऱ्यात जाऊन देवीला हात लावतो तो पुजारी. कर्नलमध्ये त्याला ड्रायव्हर म्हणतात. मला पुजारी लिहायचाय."

"सोवळ्यात लिवा मग," सुनिता म्हणाली.

सोवळ्यात लिहिला असता तर बरं झालं असतं. कृष्णकांतने लिहिला घाईत. हळू, मध्यम आणि जलद असे तीन वेग, आणि तिन्हींचं चालू-बंदचं गणित तीन ठिकाणी वेगवेगळं मांडलेलं. एका ठिकाणी सुधारणा केली की दुसऱ्या ठिकाणी करायची राहायची. भाद्रपदातल्या शेवटच्या मंगळवारी, पितरांचे दिवस असतानाही, त्याने उतावळेपणाने ते आरतीला लावलं. हळू वेग दाबला. मोटार नुसतीच गुणगुणली, हलली नाही, कारण थांबलेल्या मोटारीला सुरुवातीला एक धक्का लागतो आणि तो धक्का या एका ठिकाणी घालायचा राहून गेला होता. लोक नगाऱ्याविना गाऊ लागले. घाबरून त्याने जलद दाबलं. तिथे चालूची वेळ चालू-बंदच्या अख्ख्या फेरीपेक्षा मोठी पडली होती, त्यामुळे बंद यायचंच नाही. मशीनला भूत लागलं. नगारा तडतडला, घंटा एकसारखी कोकलू लागली आणि एक झांज निखळून जी उडाली ती थेट प्रसादाच्या शिऱ्यात जाऊन उभी राहिली. तुळशीरामनी तार उपटली.

घरी आल्यावर त्याने चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडला. खटका बंद. सुनिताने ओळखलं. नदी, मधमाश्या, बुलबुलतरंग, त्याच वाटेने आता हेही जाणार.

पडवीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "सुनिता, त्याला इचार, शिरा बरा झालता का?"

सुनिताला हसू आवरेना. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या कृष्णकांतच्या मनात मात्र भलतंच आलं. बाने आपल्यावर विनोद केला. म्हणजे देवळात काय चाललंय त्याकडे म्हाताऱ्याचा कान आहे. ज्याच्यावर माणूस पुरता रुसलेला असतो त्याला तो चिडवत बसत नाही. तो उठून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रायव्हर उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम सावकाश केलं. तीन ठिकाणचं गणित पुसून टाकलं. त्याच्या जागी एकच लहानसं फंक्शन लिहिलं, बाकीच्यांचा मदतनीस. कुठल्याही भागाला मोटार हलवायची असली की त्याने इथे यायचं आणि शंभरात किती जोर हवा ते सांगायचं. शंभराच्या वर कुणी मागितलं तर हा मदतनीस देणार नाही. मोटार थांबलेली असेल तर आधी धक्का देणार, मग वेग खाली आणणार. एका वेगावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारणार नाही, चढत चढत जाणार. नियम एकाच जागी, चूक झालीच तर तीही एकाच जागी.

फंक्शनला नाव द्यायला लागतं. इतर लोक देतात तशी नावं त्याला सुचेनात. मग त्याच्या घरात उभी हयात जे चाललं होतं तेच आठवलं. भाताची कणगी फोडायची, बाला विचार. गाय फळवायला न्यायची, बाला विचार. लग्नाला किती माणसं न्यायची, बाला विचार. फक्त एकदा विचारलं नव्हतं. त्याने इंग्रजी अक्षरांत नाव टाईप केलं, बाला विचार, आणि बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले, पण खोलीत कुणी नव्हतं म्हणून चाललं.

मोटार आता शहाण्यासारखी चालू लागली. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की वेग कधी वाढवायचा? त्याने सुनिताला पडवीत पाठवलं.

"बा, हे विचारतात, आरती कधी वाढवायची ते कसं कळतं?"

म्हातारा सुपारी कातरत होता. "त्याला सांग, माणसांचे पाय बघायचे. पाय सांगतात."

"मशीनला डोळे नायत, बा."

"मंग कशाला आणलं?"

सुनिता जायला निघाली, पुन्हा वळली. टपाल पोचवता पोचवता एखादं पत्र आपल्या पदरचं घालायची सवय तिला लागली होती. "बा, त्या मशीनच्या पोटात तुमचं नाव हाय. मी वाचलं. मोटार हलवायच्या आदी त्यातले सगळे एका ठिकाणी इचारायला येतात. त्या जागेचं नाव ठेवलंय बाला विचार."

अडकित्ता थांबला. "टिंगल करतो माझी?"

"नाय. डोळे पुसत बसलेले, मी खिडकीतून बघितलं."

म्हाताऱ्याने सुपारी तोंडात टाकली, पण चावली नाही. "आणि तितं इचारायला आल्यावर उत्तर कोण देतो?"

"तेच तर ह्यांना ठाऊक नाय," सुनिता म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

घट बसले त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. झांज नीट आवळली होती, शिरा मुद्दाम लांब ठेवला होता. कृष्णकांत भांडाराच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला. एका बटणाने वेग वाढे, दुसऱ्याने कमी होई. पण खोलीतून त्याला भिंत सोडून काही दिसत नव्हतं. पाय तर नाहीच नाही. सुनिता मधल्या दारात उभी राहिली होती, ती सांगेल तसं करायचं ठरलं होतं. आणि आरतीच्या ताटांतली निरांजनं पेटली तेव्हा पायऱ्यांवरून काशिरामबा वर आले. कुणाशी बोलले नाहीत. मशीनशेजारच्या खांबाला टेकून बसले.

"सुनिता," ते म्हणाले, "त्याला सांग, दमानं. जनीआत्या आजून पायरीवरच हाय."

"अहो, दमानं. आत्या पायरीवर हायत."

कृष्णकांतला भिंतीपलीकडून बाचा आवाज ओळखू आला. त्याने वेग उतरवला. नगारा जड, सावकाश पडू लागला. जनीआत्या एकेक पायरी चढून आली, खांबाला न टेकता उभी राहिली आणि गायला लागली.

"त्याला सांग, आता थोडी वाढव."

"अहो, थोडी वाढवा."

टपाल पोचायला वेळ लागायचा, नगारा अर्धी ओळ मागे राहायचा, पण चाललं होतं. आरत्या एकामागून एक झाल्या. तुळशीरामनी मान डोलावली. मग शेवटची प्रार्थना सुरू झाली आणि सगळं देऊळ जागच्या जागी फिरू लागलं. सुनिताही फिरू लागली. डोळे मिटून, हात जोडून, दारातल्या दारात.

"सुनिता, सांग, वाढव."

सुनिता गिरकीत होती.

"सुनिता."

टाळ्या पुढे निघाल्या, नगारा मागे पडला. पाय अडखळायला लागले. जनीआत्याही फिरत होती आणि तिचा तोल ठोक्याच्या भरवशावर होता. म्हाताऱ्याने सुनिताकडे बघितलं, पायांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले, आणि खांदा धरल्यापासून इतका मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

"किस्ना! सोड आता!"

कृष्णकांतने बटण दाबून धरलं. नगारा उडी न मारता चढत गेला, चढत चढत टाळ्यांना मिळाला. "अजून सोड. बस. धर तिथंच." बाप सांगत होता आणि मुलगा करत होता. मध्ये कुणी नव्हतं. भिंत तेवढी होती, तिचं काही वाटत नव्हतं. भांडारातल्या तेलाच्या डब्यांना आणि जुन्या समयांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कृष्णकांत म्हणत होता, "व्हय बा. व्हय बा."

सुनिता अजून म्हणते की मी प्रार्थनेत होते, मला काही ऐकू आलं नाही. पण जनीआत्या सांगते की फिरताना हिचा एक डोळा उघडा होता.

घरी पंगतीला म्हातारा म्हणाला, "सुनिता, त्याला सांग..." आणि थांबला. मग भाताकडे बघत म्हणाला, "किस्ना, ते माझं नाव खोडू नको त्यातलं."

"नाय खोडत."

"आणि परत काय देवळात आणायचं झालं तर आदी बोल."

"बोलतो, बा. त्या वेळी बोललो नाय, चुकलं माझं."

"मीठ दे," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या माळेला काशिरामबा आले ते उपरण्यातून टिपऱ्या सोडतच. त्यांनी मशीन थोडं बाजूला सरकवायला लावलं आणि आपला जुना नगारा शेजारी मांडून घेतला. "पयली आरती मी वाजवनार," ते खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले. "खांदा भरला का हाक मारीन. तू घे. मंग परत मी."

कृष्णकांत खोलीत जाऊन बसला. बाहेर नगारा पडू लागला, हाताने वाजवलेला, किंचित वाकडा, एका अंगाला जड. थोडा वेळ हात, थोडा वेळ मशीन. पुरतं वाजवणं नाही आणि पुरतं घरी बसणंही नाही. म्हाताऱ्याने ड्रायव्हर न वाचता त्यातलं चालू-बंदचं गणित आपल्या खांद्याला लावून घेतलं होतं. एरवी अशा वेळी कृष्णकांत चुळबुळला असता, दहादा डोकावला असता. त्या दिवशी तो नुसता बसून राहिला, बोट बटणावर ठेवून, आणि त्याला बसायचा कंटाळा आला नाही.

बाहेर एक टिपरी खाली टेकली. "किस्ना," म्हाताऱ्याने हाक मारली, "घे."